सत्कारासकट नाच

बसवलेल्या स्टेप्स काय, कुणीही करील! ऐन वेळी जे समोर येईल ते नाचात घेता आलं पाहिजे, तोच खरा नाच! आष्ट्यात मॉडर्न डान्सचा क्लास काढल्यापासून वल्लरीबाई हे भेटेल त्याला ठणकावून सांगत होत्या. मुलींना ते पटलं होतं. दादासोंना नव्हतं.

आणि क्लासचा हॉल होता दादासोंच्या मंडळाचा!

"बाई, पोरी नुसत्या जमिनीवर लोळत्यात," ते म्हणाले होते. "गॅदरिंगला टाळ्या पडल्या तर हॉल तुमाला. न्हाईतर तितं मिरची कांडप बसवतो!"

कांडपाचं मशीन दारात येऊनही पडलं होतं. बाईंनी मग जीव ओतून नाच बसवला. गॅदरिंगला प्रमुख पाहुण्यांची वाट पाहून पब्लिक शिट्ट्या मारायला लागलं, तेव्हा त्यांनी सरळ पडदा उघडायला लावला. नाच रंगात आला आणि नेमके तेव्हाच पाहुणे पोचले! कडेगावातली लग्नं उरकता उरकता त्यांना उशीर झाला होता.

आता पाहुणा आला की आधी सत्कार, मग मध्ये काहीही चालू असो! शाल, नारळ, फेटा घेऊन दादासो पाहुण्यांसकट थेट स्टेजवर! गाणं चालूच. मुली जागच्या जागी थिजल्या आणि विंगेतल्या बाईंकडे बघायला लागल्या. बाईंच्या डोळ्यांपुढे मिरच्या नाचू लागल्या!

"थांबू नका!" त्या ओरडल्या. "फेटा घ्या नाचात!"

दादासो पाहुण्यांना फेटा बांधत होते. ज्ञानदाने त्याचं मोकळं टोक पकडून गिरकी घेतली, तसे पाहुणेही गर्रकन फिरले! त्यांच्या हातून नारळ सुटला, तो मिस्बाहने लोळण घेत झेलला. शाल बाकीच्या पोरींनी मांडवासारखी वर धरली आणि तिच्याखाली दादासो "आवं, आवं!" करत चक्क तालात वाकले. शेवटच्या ठोक्याला नाकापर्यंत फेटा आलेले पाहुणे मधोमध हात जोडून उभे, भोवती मुली! एवढा देखणा शेवट बाईंना महिनाभर बसूनही सुचला नसता.

टाळ्यांनी वरचा पत्रा हादरला. "वन्स मोअर!" बाईंना आनंदाने रडूच फुटलं. जिंकलो!

दादासो घाम पुसत विंगेत आले. "बाई, हॉल तुमचा! उद्याच मशीन हलवतो. उभ्या जल्मात सत्काराला अशा टाळ्या पडल्या न्हाईत!"

बाईंनी मोठ्या ऐटीत मान लववली.

"बरं, पाव्हणं पुढं बसल्यात," दादासो म्हणाले. "आता तेवढा नाच सुरू करा!"