भामरे सरांचं इनडायरेक्ट

भामरे सरांना काही विचारलं, तर उत्तर लगेच मिळायचं नाही. आधी ते तुमचा प्रश्न इनडायरेक्ट करून घ्यायचे. "सर, चहा घेणार का?" असं मी म्हटलं की डोळे मिटून पुटपुटायचे, "पाटील सरांनी विचारलं की मी चहा घेणार होतो का." एवढं झालं की मग डोळे उघडून "घेतो" म्हणायचे. तोवर चहावर साय धरलेली असायची.

धुळ्याला देवपुरात आमची शाळा. ते इंग्रजी शिकवायचे, मी मराठी. राहायलाही शेजारी, मध्ये एक भिंत. म्हणजे शाळा सुटली तरी माझी सुटका नव्हती. डायरेक्टचं इनडायरेक्ट करा, हा दहावीच्या पेपरातला किरकोळ मार्कांचा प्रश्न. सरांनी त्याला जन्म वाहिला होता. "इजचं वॉज, विलचं वुड, हिअरचं देअर, कमचं गो," हा त्यांचा जप. पोरं तो झोपेतही म्हणत असावीत. "दुसऱ्याचं वाक्य तोंडात घ्यायचं तर धुऊन घ्यावं, पाटील," असं ते मला नेहमी सांगायचे.

धुवायलाही माझी हरकत नव्हती. पण हा माणूस इंग्रजीचा नियम मराठीला लावायचा, आणि घोळ तिथे व्हायचा. एकदा आमचा शिपाई नामदेव त्यांना म्हणाला, "सर, मना बाप बिमार शे. माले सुट्टी पाहिजे." सर हेडमास्तरांकडे गेले आणि म्हणाले, "नामदेव म्हणाला की त्याचे वडील आजारी होते."

हेडमास्तरांनी चष्मा काढला. "होते? अरेरे!"

घंटा झाली, सगळी शाळा मैदानात उभी राहिली, दोन मिनिटं माना खाली घातल्या आणि शाळा सोडून दिली. दुसऱ्या दिवशी नामदेवचे वडील काठी टेकत स्वतः ऑफिसात हजर. सुट्टी माझ्या नावाने दिली, तर मग पोराची रजा कशाला मांडली, एवढंच त्यांना विचारायचं होतं. भामरे सरांना त्यांची चूक शेवटपर्यंत पटली नाही. "व्याकरण बरोबर होतं," म्हणाले.

सरांची बायको, म्हणजे इंदूवहिनी, शिंदखेड्याच्या. घरात अहिराणीच बोलायच्या. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, म्हणून त्याही त्यांना 'सर'च म्हणत. मला भिंतीतून सगळं ऐकू यायचं. "सर, भाकर थंडी व्हई गयी!" असं वहिनी म्हणाल्या की सर आतून म्हणायचे, "ती म्हणाली की भाकरी थंड झाली होती." मग वहिनी, "होती? मंग आते गरम शे का?" आणि दोघंही हसायचे. मूलबाळ नव्हतं. एवढं हसू त्यांना दिवसभर पुरायचं.

मग वहिनींना दम लागायला लागला. आधी जिना चढताना, पुढे बसल्याबसल्या. डॉक्टर म्हणाले, आराम पाहिजे, जवळ माणूस पाहिजे. सर दिवसभर शाळेत. तेव्हा वहिनींचा धाकटा भाऊ नाना येऊन त्यांना माहेरी घेऊन गेला. मी पिशवी धरायला स्टँडवर गेलो होतो. एसटी सुरू झाली तेव्हा सर एकदम खिडकीशी धावले. चारचौघांत बायकोला असलं काही मराठीत विचारायची लाज वाटली असणार. त्यांनी इंग्रजीत विचारलं, "विल यू कम बॅक?"

वहिनी दमल्या चेहऱ्यानं हसल्या. "येस, सर."

परतताना पांझरेच्या पुलावर सर थांबले. "पाटील, ती येस म्हणाली, ते इंग्रजीतलं की अहिराणीतलं?"

अहिराणीत 'येस' म्हणजे 'येते'. मी म्हटलं, "कुठलंही धरा सर, अर्थ एकच."

त्यांना ते फार आवडलं. उरलेला पूल ते जवळजवळ खुशीत चालले.

पण वहिनी काही आल्या नाहीत. सर दर शनिवारी शाळा सुटली की शिंदखेड्याची गाडी धरायचे, रविवारी परत. "कशा आहेत वहिनी?" असं विचारलं की म्हणायचे, "म्हणाली की बरी होती." नामदेवच्या बापावरून हसून हसून लोळलेले आम्ही, आता त्या 'होती'नंतर पुढचं विचारायचं टाळायचो. भिंतीपलीकडून आता स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज यायचा, बाकी काही नाही. भाकरी थंड झाल्याचं सांगणारं कोणी नव्हतं. मला त्या घराकडे बघवत नसे.

त्या दिवसांत एकदा त्यांच्या वर्गात एका मुलीनं फळ्यावर वाक्य सोडवलं. डायरेक्ट होतं, 'शी सेड, आय विल कम.' मुलगी हुशार. सरांचेच नियम लावून तिनं लिहिलं, 'शी सेड दॅट शी वुड गो.' ती जाईल, असं ती म्हणाली. सर फळ्याशी गेले. मग त्यांनी ते हातानंच पुसलं, डस्टर शोधलंच नाही. "या वाक्याला नियम लागत नाही," एवढंच म्हणाले. पोरगी भांबावून जागेवर जाऊन बसली.

थंडीत एका दुपारी नाना स्टाफरूमच्या दारात येऊन उभा राहिला. आम्ही चहा घेत होतो. "दाजी, अक्का गयी," तो म्हणाला.

आम्ही सगळे उठलो. सर बसूनच राहिले. नाना रडत रडत सांगायला लागला, "अक्का बोलनी, की तुम्ही येळवर जेवाले पाहिजे, की तुम्ही जीवले..."

सरांनी हात वर केला. "असं नको, नाना. बदलून सांगू नकोस. तिचं वाक्य सांग. जसंच्या तसं."

नानानं उपरण्यानं तोंड पुसलं. "बोलनी, 'सरले सांगजो, मी येस.'"

आम्हाला इतक्या वर्षांची सवय. सर आता डोळे मिटून ते इनडायरेक्ट करतील, म्हणून आम्ही थांबलो. सरांनी डोळे मिटले. ओठ हलले. शब्द बाहेर आला नाही. मग ते उठले आणि नानाचा हात धरून चालू लागले.

तेराव्यानंतर सर शाळेत आले. नियम, जप, सगळं पूर्वीसारखं. नवीन एकच झालं, ते शेवटच्या तासालाही हजेरी घ्यायला लागले. हेडमास्तर म्हणाले, "अहो, एकदा सकाळी झाल्यावर पुन्हा कशाला?" सर म्हणाले, "मुलं पळून जातात." आमच्या शाळेतून कोणी पळून गेल्याचं मला आठवत नाही.

मी शेजारच्या वर्गात असायचो. तिथलीही भिंत पातळ. एकेक नाव, मग एकेक कोवळं 'येस, सर.' सर घाई करायचे नाहीत. आणि एखादं पोरगं चुकून 'हजर' म्हणालं, तर ते त्याचं नाव पुन्हा पुकारायचे.