फ्लेक्सबरहुकूम जबडा

माणसाची ओळख पटवण्यासाठी शासन अंगठा, सही आणि फोटो एवढ्याच गोष्टी ग्राह्य धरते. दात धरत नाही. हे धोरण अत्यंत शहाणपणाचे असून मुळशी तालुक्याने ते शासनाच्याही आधीपासून पाळले आहे. रेशनकार्ड असो, सोसायटीचे पासबुक असो की लग्नातला ग्रुप फोटो, तोंड मिटूनच बसायचे. फोटोत दात दाखवणारा माणूस एक तर जमीन विकून आलेला असतो किंवा विकायला निघालेला असतो, अशी नेरे गावची समजूत आहे (ती आजवर दोनदाच चुकली; दोन्ही वेळा गिऱ्हाईक ऐनवेळी फिरले).

नेऱ्याचे हैबतराव या शिस्तीचे कट्टर पाईक. उभ्या आयुष्यात त्यांचे फोटो निघाले सात आणि सातही फोटोंत तोंड घट्ट बंद. त्यामुळे २००८ साली त्यांच्या जबड्यात गाठ निघाली आणि पुण्यातल्या डॉक्टरांनी खालच्या जबड्याचा डावा भाग गाठीसकट काढला, तेव्हा त्यांच्या दातांचा कसलाही पुरावा मागे उरला नाही. उरलेसुरले दात मिसरीने आधीच हलवून ठेवले होते, तेही काढावे लागले.

जीव वाचला, भाकरी गेली. पेज आणि मऊ भात यांवर माणूस जगतो, हे हैबतरावांनी सिद्ध करून दाखवले. पण त्यांची बायको गोजराबाई त्यांच्यासमोर भाकरी खाईनाशी झाली. चाळीस वर्षे समोरासमोर बसून जेवलेली बाई मागच्या पडवीत, पाठ करून, चोरासारखी जेवू लागली. हैबतरावांना ते पाहवेना. त्यांना एवढेच हवे होते, की तिच्यासमोर बसून एक अख्खी भाकरी चावून खावी. (इस्पितळाच्या कागदावर याला ‘चर्वणक्षमतेचे पुनर्वसन’ म्हणतात.)

डॉ. रजनी यांनी संगणकाच्या पडद्यावर हैबतरावांची कवटी गरागरा फिरवून दाखवली. पायातले एक बारीक हाड काढायचे, त्याचे तुकडे करून जबड्याच्या जागी जोडायचे, ते धरले की त्यात स्क्रू रोवून वर पक्के दात बसवायचे. सगळे आधी पडद्यावर ठरवायचे, मग मिलिमीटरचाही फरक पडत नाही.

पुतण्या निरंजन जमिनीच्या व्यवहारात असल्याने त्याला आराखड्यांची जाण होती. त्याने एकच प्रश्न विचारला, “म्याडम, पास झाल्यावर ह्यात बदल करता येतोय का?”

“नाही.”

मागून न बदलणारा आराखडा निरंजन जन्मात प्रथमच बघत होता. त्याने हात जोडले.

“फक्त हसताना दात दिसतील असा एखादा जुना फोटो आणा,” डॉक्टर म्हणाल्या. “त्यावरून दात ठरवू.”

भावकीने नेऱ्यातल्या सगळ्या ट्रंका उपसल्या. सात फोटो निघाले आणि सात बंद तोंडे. शेवटी निरंजनने कपाळावर हात मारला, “आन् आपला फ्लेक्स?”

हैबतरावांच्या साठीला हिंजवडीच्या चौकात बारा फुटी फ्लेक्स लागला होता. त्यावर ते बत्तीस दात दाखवून हसत होते. वस्तुस्थिती अशी, की निषाद नावाच्या फ्लेक्सवाल्याला पासबुकातला फोटो दिला होता आणि असल्या चेहऱ्याला शुभेच्छा देता येईनात, म्हणून त्याने टूथपेस्टच्या खोक्यावरचे हसू कापून तिथे चिकटवले होते. तेच हसू त्याने त्या वर्षी एकोणीस वाढदिवसांना, सहा निवडींना आणि (घाईत) एका भावपूर्ण श्रद्धांजलीला लावले.

“ह्ये माजं दात न्हाईत रं,” हैबतराव उरल्या जबड्याने म्हणाले. त्यांचा पुढचा दात शेजारच्यावर चढलेला होता, हे त्यांना पक्के आठवत होते.

“आण्णा, बारा फुटी पुरावा हाय. तुमच्याकडं काय हाय?”

हैबतरावांकडे काही नव्हते. त्यांना फक्त भाकरी खायची होती. त्यांनी संमतीच्या कागदावर अंगठा उठवला.

शस्त्रक्रिया निर्दोष झाली. हाड धरले, स्क्रू रुतले, दात बसले. फ्लेक्स आणि हैबतराव यांच्यात मिलिमीटरचाही फरक राहिला नाही. मात्र इतके दात झाकायला ओठ पुरेनात. परिणामी ते अष्टौप्रहर हसू लागले.

याचे फायदे मोजण्यापलीकडचे होते. बांधाच्या मोजणीला ते नुसते जाऊन उभे राहिले. समोरच्या दादासाहेबांनी ते हसू पाहिले, ह्यांनी वरून ऑर्डर आणलेली दिसते असे ताडले आणि अकरा वर्षांची तक्रार जागच्या जागी मागे घेतली. चुलतभावाच्या दहाव्याला जरा अडचण आली, पण विधवा वहिनीच म्हणाली, “भाऊजी हायेत म्हून घरात परसन्न वाटतंय.” पुढच्या वर्षी नेऱ्यातून पाच जण डॉ. रजनींकडे गेले. पाचांच्याही हातात गुंडाळलेला फ्लेक्स होता. डॉक्टरांनी पाचही उलगडून पाहिले आणि आनंदाने म्हणाल्या, “एकाच घराण्यातले दिसता!”

पण हे सगळे नंतरचे. डॉक्टरांनी चावायला परवानगी दिली त्या दुपारी गोजराबाईंनी बाजरीची भाकरी थापली, ठेचा वाटला आणि दीड वर्षाने त्या नवऱ्यासमोर ताट घेऊन बसल्या. हैबतरावांनी तुकडा मोडला, चावला. भाकरीचा पापुद्रा दाताखाली करकरला. चावता चावता त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. दात हसतच होते.

“आवं, तिखाट लागलं? का दुकतंय?” गोजराबाईंनी विचारले.

घास तोंडात होता, बोलायचे कसे? गोजराबाईंनी हात पुढे केला, तळव्याने त्यांचा नाकाखालचा सगळा चेहरा झाकला आणि नुसते डोळे पाहिले. बराच वेळ पाहिले. मग हात काढून स्वतःची भाकरी मोडली.

“खावा,” त्या म्हणाल्या.

तपासणीची ही पद्धत संगणकावर उपलब्ध नसली तरी अत्यंत अचूक आहे. वाचकांनी प्रचिती घ्यावी. टीव्हीवर ठेवलेला आपला सहकुटुंब, हसरा फोटो उचलावा, एकेकाचा नाकाखालचा भाग बोटाने झाकावा आणि डोळे बघावेत. स्वतःवरचे बोट शेवटी ठेवावे, तेही घरात दुसरे कोणी नसताना.