शेवटचं कडवं एकदाच

पोर्थहेलीच्या किनाऱ्यावरचं आमचं बेथानिया चॅपल प्रेक्षणीय असल्याचं नगरपरिषदेच्या लक्षात आलं, त्याला आमचा इलाज नव्हता. वारसा व वाळू विभागाने तसं रीतसर कळवलं.

पाठोपाठ निरीक्षक प्रॉसर आले. बाकं दीडशे वर्षं बसून बसून गुळगुळीत झालेली. तो गुळगुळीतपणा हाच वारसा, सबब यापुढे त्यांवर बसण्यास मनाई. दोरी बांधली गेली. आम्ही अकरा भाविक उभ्यानेच प्रार्थना करू लागलो. महिन्याभरात अहवाल आला : भाविकांमुळे पर्यटकांना चॅपल नीट दिसत नाही. त्यांनी अन्यत्र जावे.

“अन्यत्र म्हणजे कुठे?” ग्वेनलियनबाईंनी प्रॉसरांना विचारलं. वय एक्याऐंशी.

“एवढा छान किनारा आहे की, आजी.”

“किनारा जन्मल्यापासून बघतेय मी! आयर्विन पाद्रीबाबा निवृत्त होतायत, येत्या रविवारी त्यांचं शेवटचं प्रवचन आहे. चाळीस वर्षं इथे ऐकलंय, शेवटचंही इथेच ऐकणार. आणि मला नियम काय सांगतोस रे? तुझी आजी याच बाकावर माझ्या शेजारी बसून गायची. तुझ्यापेक्षा सुरात!”

प्रॉसर विरघळले, म्हणजे त्यांनी अर्ज मागवला. तीन प्रतींत परवानगी मिळाली : ‘उभ्याने धार्मिक प्रात्यक्षिक, अकरा ते पावणेबारा. शेवटचं कडवं एकदाच.’

ही अट घालणारा कधी चॅपलमध्ये आलाच नसावा. आमच्याकडे स्तोत्र चांगलं झालं, की कोणीतरी शेवटचं कडवं पुन्हा उचलतं. वाईट झालं, तर सुधारायला म्हणून उचलतं.

रविवारी पाद्रीबाबांनी अगदी साध्या बोलण्यात सुरुवात केली. हळूहळू आवाज चढला, वाक्यं झुलू लागली, आणि बोलण्याचं गाणं कधी झालं ते त्यांनाही कळलं नाही. ग्वेनलियनबाईंच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मग स्तोत्र झालं. शेवटचं कडवं संपलं. प्रॉसरांनी घड्याळ पाहून समाधानाने मान हलवली.

तेवढ्यात खर्जात कोणीतरी ते कडवं पुन्हा उचललं.

ते प्रॉसर होते. त्यांचा एक हात स्वतःच्याच तोंडाकडे निघाला होता, पण आवाज आधी पोचला. कडवं सात वेळा झालं. चौथ्या खेपेला ग्वेनलियनबाई दोरी ओलांडून बाकावर बसल्या.

सोमवारी प्रॉसरांनी प्रॉसरांना नोटीस बजावली, प्रॉसरांचा खुलासा असमाधानकारक ठरवला आणि भाविकांना कायमची बंदी केली.

आता चॅपलमध्ये कानाला लावायचं यंत्र मिळतं. त्यात प्रवचन चार मिनिटांत आटोपतं. पर्यटक अभिप्रायाच्या वहीत ‘किती सुटसुटीत!’ असं लिहून आइस्क्रीम खायला जातात.

तुम्हीही या, तुम्हालाही आवडेल. तुमच्या गावच्या देवळाचा फोटो तुमच्याकडे असेलच. तिथल्या बुवांच्या कीर्तनाला आरतीपर्यंत कधी बसला होतात?