वळणावर खाली बस

एरचजवळच्या आमच्या मातीच्या ट्रॅकवर, तिसऱ्या वळणाच्या आतल्या कडेला, माझ्या मोटारसायकलच्या पुढच्या चाकाचा ठसा एका जागी रुंद होतो. बोटभरच. इतरांचे ठसे तिथून दोरीसारखे सुळकन वळून जातात. माझा मात्र विचारात पडल्यासारखा पसरतो, कारण तिथे मी दुसऱ्यांदा ब्रेक लावते.

तो ठसा आज सरळ करून दाखवते, असं मी रविवारी सकाळी चहा पिताना जाहीर केलं. मी झाशीच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. वळणावरची सगळी बलं मला तोंडपाठ आहेत! फळ्यावर मी कुठल्याही वेगाने वळू शकते!

"फळ्यावर माती नसते," माझा नवरा स्वानंद म्हणाला. मग कपाकडे बघत, "उद्या ऑफिसला कळवायचंय गं. जायचं की राहायचं?"

स्वानंद मूळचा नागपूरचा, सरकारी कंपनीत इंजिनियर. त्याला नागपूरची बदली मिळत होती. मी झाशीतल्याच दतिया गेटच्या गल्लीत जन्मलेली. आमची इकडची मराठी ऐकून सासरचे लोक आधी हसतात, मग अर्थ विचारतात.

"तुला काय वाटतं?" मी विचारलं.

"तू म्हणशील तसं."

या उत्तराला दोन महिने झाले होते. माझ्या "विचार करते"लाही तेवढेच!

आम्हाला मोटोक्रॉस शिकवणारे पियूष भैया म्हणतात, "मैडम, आप मोड़ के अंदर जाकर सोचती हैं। सोचना मोड़ से पहले होता है!" खरंच आहे. नवशिके घाबरतात, तरबेज विचार करत नाहीत. मधल्या गटातले आम्ही घाबरतोही आणि विचारही करतो!

कृती सोपी आहे. सरळ भागात पायदानांवर उभं राहायचं. वळणाच्या तोंडाशी एकदाच ब्रेक. मग झटकन खाली बसायचं, टाकीला चिकटून, आतला पाय पुढे, नजर वळणाच्या पलीकडे, आणि मूठ पिळून थ्रॉटल! मी मात्र अर्ध्या वळणापर्यंत उभीच असते, पंगतीत जागा न मिळालेल्या पाहुण्यासारखी.

म्हणून मी प्रयोग आखला. स्वानंदने वळणापाशी उभं राहायचं आणि बसायची वेळ झाली की ओरडायचं. वाऱ्याची दिशा, मातीची ओल, टायरमधली हवा, सगळं तपासलं. ट्रॅकपलीकडच्या कडुनिंबाखाली टहरौलीच्या बसची वाट बघणारी मंडळी तेवढी हिशेबात धरली नाहीत. ती बस इतकी भरलेली असते की मुंगीला चढायचं तर आधी कुणाला तरी उतरवावं लागतं!

मी निघाले. वळण आलं. स्वानंद जीव तोडून ओरडला, "खाली बस! अगं, खाली बस!"

कडुनिंबाखाली खळबळ माजली.

"ख़ाली बस?"

"हओ! ख़ाली बस आ रई!"

बोचकी उठली, गादीची वळकटी उठली, एक बकरी उठली, आणि सगळी वरात वळणापुढचा ट्रॅक ओलांडत सडकेकडे धावली! पियूष भैयांनी ते पाहिलं आणि झेंडा फडकावत मला थांबवायला ते किंचाळले, "बस! बस! मैडम, बस!"

आता हेल्मेटच्या आत शब्दाची भाषा कळत नाही. मला ते मराठीत ऐकू आलं. मी बसले! पाय पुढे, कोपर वर, थ्रॉटल! ब्रेकला दुसऱ्यांदा बोट लागलंच नाही. आणि आणखी तीनदा "बस" ऐकून मंडळी अशी सुसाट पळाली की मी पोचेपर्यंत ट्रॅक स्वच्छ!

समोर सपाट माथ्याचा मोठा उंचवटा होता. एरवी त्याच्यापाशी मी थ्रॉटल सोडते. आज विचार करायला वेळच उरला नव्हता.

मी हवेत होते.

इंजिनचा आवाज दूर गेला, शेजारच्या घरात कुणी मिक्सर लावल्यासारखा. खाली बेतवा नदी खडकांमधून पसरली होती, कसलीच घाई नसलेली. पडणाऱ्या वस्तूला वजन जाणवत नाही, हे मी दरवर्षी मुलांना शिकवते. पण ते सोमवारालाही लागू होतं, हे पुस्तकात नाही! सोमवार, ऑफिस, नागपूर, सगळं माझ्या आजूबाजूला हलकं होऊन तरंगत होतं. एक बगळा बरोबरीने उडत होता. त्याने मान वळवून पाहिलं, जणू विचारत होता, कुठे? मी खाली पाहिलं. तो घाट, ती टेकडी, ती वाट... दिसेल ते सगळं मला नावानिशी ठाऊक होतं.

मग चाकं टेकली, झोपलेलं बाळ पाळण्यात ठेवावं तशी अलगद.

टाळ्या घ्यायला मी परत वळले. ट्रॅकवर चिटपाखरू नव्हतं! सगळे सडकेवर. बस आली होती, नेहमीसारखी गच्च, आणि मंडळींनी स्वानंदला घेरलं होतं.

"काय भैया," एक म्हातारी इकडेतिकडे शोधत कडाडली, "ख़ाली बस कितै है? आपई ने तो कई हती!"

"अम्मा, मैंने बस को नहीं बोला! मेरी बायको को बोला! खाली बस, मतलब नीचे बैठ!"

"नीचे काय बैठें? हम तो सीट पे बैठेंगे!"

"और मैंने तो रुकने को बोला था!" पियूष भैया मध्येच ओरडले.

"आपने भी बस बोली!"

"अरे, बस मतलब बस!"

"जेई बस?" समोरच्या गच्च बसकडे बोट दाखवत कुणीतरी विचारलं. बकरी तोवर आत चढली होती!

गाडी कडेला लावून चिखलाने माखलेली मी पोचले. म्हातारीने माझा दंड धरला. "जेई है बायको? बायको बिटिया, पैलें तुम चढ़ो!"

मागून रेटा आला आणि मी पायरीवरून थेट आत! कंडक्टर वैतागला. "मैडम, जाना है कि नहीं जाना? पूरी बस रुकी है! सोचिए मत, बोलिए!"

स्वानंदचा एक पाय पायरीवर होता, एक जमिनीवर. तो माझ्याकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर बस नव्हती, नागपूर होतं.

मी हेल्मेट काढलं.

"नहीं जाना," मी म्हणाले. ते फारच बारीक आलं. म्हणून पुन्हा, साऱ्या बसला ऐकू जाईल असं ओरडले, "स्वानंद, मला नागपूरला नाही जायचं! आपण झाशीतच राहू या! आणि आधी मला इथून उतरव, ही बकरी माझा हातमोजा खातेय!"