खिडकी क्रमांक चारवरील बिघाडाचा शास्त्रशुद्ध शोध

यंत्रातला दोष सापडणे सोपे असते. त्या दोषाला साजेसा माणूस सापडणे अवघड. आमच्या परवाना कार्यालयाने हे अवघड काम अवघ्या चार दिवसांत पार पाडले. या गतीबद्दल आमचे कौतुक व्हायला हरकत नाही (पडद्याची दोरी बदलायला आम्हाला तीन वर्षे लागली होती).

प्रकरण खिडकी क्रमांक चारचे. तिथे एक कॉम्प्युटर आहे. स्वभावाने शांत, वयाने ज्येष्ठ. त्याला जोडलेली उपकरणे अशी: कीबोर्ड (स्पेसबार वगळता उत्तम), माउस (डावीकडे जायला नाखूष), प्रिंटर, अंगठा घेणारे यंत्र, हेडक्लार्क भाऊसाहेबांचा चिमुकला पंखा, आणि अर्जदाराचा फोटो काढणारा, मान वाकवून बसलेला कॅमेरा.

मंगळवारी सकाळी टोकन क्रमांक एक घेऊन शिवणकामवाल्या ताई आल्या. गळ्यात मापाची टेप, बाहीवर टाचण्या. दुकानाच्या परवान्याचे नूतनीकरण शुक्रवारी पाचपर्यंत झाले नाही, तर शनिवारी दुकानाला सील लागणार होते. आत एका शाळेचे बेचाळीस गणवेश अर्धवट शिवून पडले होते आणि शाळा सोमवारी उघडणार होती. हे सगळे ताईंनी ऑपरेटरबाईंना एका दमात सांगितले. बाईंनी ते सहानुभूतीने ऐकले (अर्जात त्यासाठी रकाना नाही), ताईंना स्टुलावर बसवले आणि कॅमेरा चालू केला.

कॉम्प्युटर अडकला. पडद्यावर ताई, एक डोळा अर्धा मिटलेला. माउस हलेना, कीबोर्ड ऐकेना.

मग कार्यालयाला मान्य असलेले सर्व उपाय झाले. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. चालू करून बंद केला. डाव्या बाजूने थोपटला. वायरी काढून फुंकर मारली. भाऊसाहेब स्वतः येऊन त्याच्याकडे रागाने बघून गेले. दर वेळी चौदा मिनिटांनी तो शुद्धीवर यायचा, ताई बसायच्या, कॅमेरा लागायचा, आणि पुन्हा तोच अर्धा डोळा.

एका टोकनाचे काम संपल्याशिवाय पुढचे टोकन उघडत नाही, असा आमचा नियम आहे. त्यामुळे रांगेत कोणावर अन्याय होत नाही (रांग हलतही नाही). मंगळवार संपला तेव्हा ताईंच्या मागे एकतीस जण होते. बुधवारी अठ्ठेचाळीस.

बुधवारी कारणमीमांसा झाली. शिपाईकाकांचे मत पडले की टाचण्यांचे लोहचुंबक झाले असणार. टाचण्या काढल्या. टेप काढली. शेवटी चष्माही काढला. मशीन अडकलेच, पण आता ते ताईंना दिसत नव्हते. ही आम्ही पन्नास टक्के सुधारणा धरली.

गुरुवारी दुरुस्तीवाला आला. त्याची पद्धत इतकी साधी, की बघणाऱ्याला अपमान वाटावा. त्याने सगळी उपकरणे उपटली, मशीन पळाले. मग एकेक जोडत गेला. कीबोर्ड लावला, पळाले. पंखा लावला, पळाले (भाऊसाहेबांनी सुस्कारा सोडला). कॅमेरा लावून चालू केला, अडकले. एकूण वीस मिनिटे.

"कॅमेरा गेलाय. दुसरा बसवा," एवढे बोलून तो निघून गेला. साधी बैठकसुद्धा घेतली नाही.

हा निष्कर्ष स्वीकारणे शक्य नव्हते. कॅमेरा मुख्यालयातून आलेला आहे आणि त्याच्या पाठीवर 'तपासून पाठवले' असा शिक्का आहे. शिवाय त्याच्याविरुद्ध तक्रार करायची तर सोबत नादुरुस्त वस्तूचा फोटो लागतो, आणि तो कार्यालयाच्या अधिकृत कॅमेऱ्यानेच काढलेला असावा लागतो. तरीही आम्ही खुल्या मनाने विचार केला. तेव्हा भाऊसाहेबांच्या ध्यानात आले, की दुरुस्तीवाला तपासणी करत असताना ताई स्टुलावरच बसून होत्या. म्हणजे त्याने सगळे काही काढून पाहिले. ताईंना काढून पाहिलेच नाही.

शुक्रवारी ही त्रुटी दूर करण्यात आली. ताईंना उठवून एकोणीस वेळा मशीन चालवले. (स्टूल रिकामे असल्याने कॅमेरा अर्थातच लावला नाही.) शून्य वेळा अडकले. ताईंना बसवून एकोणीस वेळा चालवले. एकोणीस वेळा अडकले. साडेचार वाजले. असा स्वच्छ निकाल मोठमोठ्या प्रयोगशाळांच्याही नशिबी नसतो.

"अहो भाऊसाहेब, एकदा त्या रिकाम्या स्टुलाचा फोटो काढून तर बघा," ताई म्हणाल्या.

"काढला असता हो," भाऊसाहेब मृदूपणे म्हणाले, "पण स्टुलाने अर्ज केलेला नाही ना, ताई."

मागे आता त्रेसष्ट जण झाले होते. प्रत्येकाने प्रयोग डोळ्यांनी पाहिला होता आणि प्रत्येकाला आपापल्या चेहऱ्याबद्दल पूर्ण खात्री होती. आधी कुजबुज झाली, मग घड्याळाकडे बघणे झाले, मग कोणीतरी घसा खाकरून, अगदी सभ्यपणे बोलले: "ताई, तुमच्या एकटीपायी सगळ्यांचं अडलंय. व्हा ना बाजूला."

ताईंनी त्या त्रेसष्ट तोंडांकडे एकदा पाहिले. मग त्यांनी टोकन रद्द करण्याच्या कागदावर सही केली.

टोकन रद्द करायला फोटो लागत नाही. दोन सेकंदांत झाले. दुकानाला सील लावण्याच्या आदेशालाही फोटो लागत नाही. तो लगोलग प्रिंटरमधून गरमागरम बाहेर आला. कार्यालयाच्या इतिहासात अर्जदाराच्या हाती उभ्या उभ्या कागद पडण्याची ही पहिलीच वेळ. ताईंनी तो गणवेशासारखा नीट घडी घालून पिशवीत ठेवला आणि त्या गेल्या. रांगेने मोकळा श्वास घेतला.

घसा खाकरून कोण बोलले, याची आमच्या दप्तरी नोंद नाही. पण टोकन क्रमांक दोन आपल्याकडेच होते ना? मग या, बसा. स्टूल जरा पुढे घ्या. मान सरळ, नजर कॅमेऱ्याकडे. हलू नका.

आता हललात तरी चालेल. पडद्यावर आपण छान आला आहात, फक्त तोंड थोडे उघडे राहिले आहे. चौदा मिनिटे बसून राहा. मागच्या बासष्ट जणांकडे मात्र वळून पाहू नका. ते फार बारकाईने आपल्याकडे बघत आहेत.