साळवे काकांचे आरोपी

आम्ही दहिसरला राहायला आलो त्याच आठवड्यातली गोष्ट. रविवारी सकाळी बेल वाजली. दारात एक उंच, सडपातळ गृहस्थ उभे होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, पायात कॅनव्हासचे बूट. मला वाटलं, सोसायटीचे कोणी असतील.

"संजय कदम इथेच राहतात?" त्यांनी विचारलं.

"हो, माझे मिस्टर. आंघोळीला गेलेत."

"बरं. आणि दीपा?"

माझं नाव मनीषा. सासूबाईंचं सुमन. आमच्या घरात मांजरसुद्धा नव्हतं.

"दीपा कोण?" मी विचारलं.

"ते तुम्ही त्यांनाच विचारा," गृहस्थ शांतपणे म्हणाले. "मी थांबतो."

संजय टॉवेलने डोकं पुसत बाहेर आला आणि 'दीपा' हे नाव ऐकून टॉवेलच्या आतच राहिला. मग हळूहळू सगळं बाहेर पडलं. तो लहानाचा मोठा इथल्याच चाळीत झालेला. चाळीमागे टेकडी, टेकडीवर एक जुना दगडी बुरूज. बारावीत असताना त्याने त्या बुरुजावर लाल ऑइलपेंटने 'संजय + दीपा' असं लिहून ठेवलं होतं.

"तिला माहीतपण नव्हतं गं," तो मला म्हणाला. "शप्पथ. एकदा फक्त तिने माझ्याकडे जर्नल मागितलं होतं."

"ते नंतर सांगा," गृहस्थ म्हणाले. "तुमची चाळ पडली तेव्हा तुमचा माग सुटला होता. परत आलात, बरं केलंत. खालच्या पाटीवर नाव वाचलं. आज यायचं की पुढची तारीख देऊ?"

हे आमचे शेजारी, साळवे काका. दिंडोशीच्या कोर्टात बेलिफ होते, म्हणजे समन्स, नोटिसा, जप्तीचे हुकूम लोकांच्या घरी नेऊन बजावण्याची नोकरी. उभी हयात त्यात गेली. रिटायर झाल्यावर माणसं पेपर वाचतात, बागेत जातात, गुडघ्यांना तेल लावतात. काकांनी बुरुजावरची नावं वाचायला घेतली. ज्या ज्या माणसाने तिथे स्वतःचं नाव लिहून ठेवलं होतं त्याला शोधायचं, गाठायचं, आणि त्याच्याच हाताने ते पुसून घ्यायचं, एवढा त्यांचा कार्यक्रम. या लोकांना ते आरोपी म्हणत.

"पण काका, इतक्या वर्षांनी माणूस सापडतो?" मी एकदा विचारलं.

"न सापडायला काय झालं? पळून पळून जाणार कुठे? विरारच ना?"

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्यांच्या दृष्टीने मनुष्यजातीची हद्द विरारला संपत होती.

त्या रविवारी मीही टेकडीवर गेले. जाणं भागच होतं, दीपाला बघायचं होतं. बुरूज फार मोठा नाही. दोन मजल्यांइतका उंच, गोल, वरचा कठडा अर्धा ढासळलेला, भेगांतून पिंपळाची रोपं. वर चढलं की एका बाजूला राष्ट्रीय उद्यानाचं जंगल दिसतं, दुसऱ्या बाजूला टॉवरच टॉवर, आणि लांब खाडीची करडी रेघ. तो बांधला कोणी यावर आमच्या सोसायटीत दोन तट आहेत. सेक्रेटरी म्हणतात पोर्तुगिजांनी, तळमजल्यावरचे पाटील म्हणतात मराठ्यांनी. काकांना विचारलं तर म्हणत, "बांधला कोणी ते राहू दे. खराब कोणी केला ते विचारा, मी पत्त्यासकट सांगतो."

नाव पुसायची त्यांची पद्धत होती. तारेच्या ब्रशला मनाई. "दगडाची कातडी निघते," म्हणत. जुन्या वास्तूंचं काम शिकलेल्या एका मुलीकडून ते हे सगळं विचारून आले होते. कसल्याशा द्रावणात भिजवलेले कापसाचे बोळे रंगावर चिकटवायचे, रंग मऊ पडेपर्यंत बसून राहायचं, मग बांबूच्या चिपेने हलक्या हाताने खरवडायचं. तासाभरात फार तर एक अक्षर. संजयने सुरुवात दीपापासून केली. माझी तशी इच्छा होती. दोन रविवार त्यात गेले. दीपा गेली, अधिकचं चिन्ह गेलं, तेव्हा काकांनी माझ्याकडे बघितलं.

"संजय राहू द्यायचा का, तुमच्यासाठी?"

"नको," मी म्हटलं. "तोही काढा."

रंग मऊ पडायची वाट बघताना काका पिशवीतून थर्मास काढत. चहा आणि बिस्किटांचा पुडा. मग चौकशी सुरू. नोकरी कुठे, आई कशी आहे, पोरं काय शिकतात, बीपीची गोळी रोज घेतोस का. 'हे असं का केलंस' हा प्रश्न मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नाही. उपदेश नाही, पुरातन वारसा वगैरे भाषण नाही. आणि सांगितलेलं सगळं त्यांच्या लक्षात राहायचं. पुढच्या खेपेला पहिला प्रश्न तिथूनच.

त्यांच्या आरोपींत सगळ्यात नामी बंड्या. बुरुजाच्या दारावरच्या दगडांवर, मोठ्या चौकोनी अक्षरांत, 'बंड्या किंग' असं लिहिलं होतं. काकांनी वर्षभर माग काढला. केस कापणारा, जिमवाला, गणेशोत्सव मंडळाचा जुना खजिनदार असं करत करत पत्ता लागला तो एका पोलीस चौकीचा. बंड्या आता हवालदार सुहास गुरव होता. काका सरळ चौकीत गेले.

"काय तक्रार आहे?" गुरवांनी विचारलं.

"तक्रार नाही. आरोपी न्यायला आलोय."

"कोण आरोपी?"

"बंड्या किंग."

चौकीतली बाकीची माणसं माना वर करून बघायला लागली. हवालदार गुरव काकांना हाताला धरून बाहेर घेऊन आले आणि म्हणाले, "काका, हळू बोला. रविवारी येतो. पण युनिफॉर्ममध्ये नाही येणार."

आला. आणि मग येतच राहिला, कारण त्याची अक्षरं सगळ्यात जाड होती.

दुसऱ्या शुभांगी परब. बुरुजाच्या आतल्या बाजूला, सहज दिसणार नाही अशा जागी, निळ्या रंगात नुसतं 'शुभांगी' लिहिलेलं होतं. पुढे अधिक नाही, बाण नाही, बदाम नाही. काका त्या नावापाशी नेहमी थबकत. "एकट्या नावाचा शोध अवघड असतो," म्हणत. शेवटी नालासोपाऱ्यात त्या सापडल्या. वय साठीच्या घरात, पोळीभाजी केंद्र चालवतात, गुडघे दुखतात. टेकडी चढून आल्या, आपलं नाव बघितलं आणि दगडावर टेकून बसल्या.

"माका वाटला होता, कोण वाचूचाच नाय," त्या म्हणाल्या.

"जोडीचं नाव नाही लिहिलंत?" संजयने विचारलं. त्याला या विषयात आता अधिकारवाणी आली होती.

"कोणाचा लिवतलंय? लगीन ठरला होता, मोडला. मैत्रिणी सगळे आपापली नावा लिवत होते जोडीन. म्हटला, माजा मीच लिवतंय."

काकांनी थर्मासचं झाकण भरून त्यांच्या हातात दिलं. "आज पुसायचं नाही," ते म्हणाले. "गुडघा बरा झाला की बघू. पुढची तारीख घ्या." परबबाईंना किती तारखा मिळाल्या याची मोजदाद नाही. दर वेळी त्या डबाभर घावणे घेऊन यायच्या आणि नाव तसंच राहायचं.

असं सगळं छान चाललं असताना टेकडीवर माणसं आली. फीत लावून मोजमापं घेऊन गेली. मग कळलं, तिथे पाण्याची मोठी टाकी बांधायची आहे आणि बुरूज धोकादायक असल्याने पाडायचा आहे. सोसायटीत दोन्ही तट एकदम गप्प झाले. पाण्याला विरोध कोण करणार? आमच्याकडे मे महिन्यात टँकर येतो.

काका मात्र डगमगले नाहीत. "टाकीला माझी हरकत नाही. टेकडी काय एवढीशी आहे?" असं म्हणून ते या कचेरीतून त्या कचेरीत फिरायला लागले. दारं ठोठावायची त्यांना सवयच होती. अखेर जुन्या वास्तूंचं काम बघणाऱ्या खात्याने मान्य केलं की एक अधिकारी येऊन बुरूज बघेल. ठेवण्यासारखा असेल तर ठेवायचा, नसेल तर पाडायचा. बुधवारची सकाळ ठरली.

सोमवारी काका टेकडी उतरताना घसरले. खुब्याचं हाड नव्हतं मोडलं एवढंच नशीब, पण घोट्याला प्लॅस्टर आणि डॉक्टरांची सक्त ताकीद. मी दवाखान्यातून त्यांना घरी आणलं तेव्हा ते पहिल्यांदाच मला म्हातारे वाटले.

"बुधवारी मी नसलो तर तिथे कोण आहे?" ते म्हणाले. "साहेब येतील, ओसाड बुरूज बघतील, जातील. वारस नसलेल्या मालमत्तेचं काय होतं ते मी पुष्कळ बघितलंय."

"मी सुट्टी घेते," मी म्हटलं. संजयलाही घ्यायला लावली. मग त्याने बंड्याला फोन केला, बंड्याने परबबाईंना केला, आणि पुढे कोणी कोणाला केला मला माहीत नाही.

बुधवारी सकाळी टेकडीवर पोचले तर बुरुजाभोवती मंडळी जमलेली. बहुतेक चेहरे अनोळखी. कोणी ठाण्याहून आलेलं, कोणी कल्याणहून, आणि अर्थातच कोणी विरारहून. पिंपळाची रोपं हळुवार काढलेली, आतला कचरा पोत्यांत भरलेला. बंड्या या खेपेला युनिफॉर्ममध्ये होता, पोत्यावर पोतं रचत होता.

अधिकारी आल्या. चाळिशीच्या बाई, डोक्याला टोपी, सोबत एक इंजिनियर. त्यांनी भोवती फेरी मारली, भेगांत बोट घातलं, दगडांवरून हात फिरवला.

"रंग कोणी काढला इथला?" त्यांनी विचारलं. "दगडाला ओरखडा नाही कुठे. कुठल्या संस्थेचं काम आहे हे?"

बंड्या पुढे झाला, टाचा जुळवून उभा राहिला आणि म्हणाला, "मॅडम, संस्था नाही. आम्ही आरोपी."

बाईंनी आधी त्याच्या युनिफॉर्मकडे बघितलं, मग आमच्याकडे. संजयने त्यांना सगळं सांगितलं, दीपासकट. त्या दगडावर बसून ऐकत राहिल्या. परबबाईंनी त्यांच्या हातात घावणा ठेवला तो त्यांनी खाल्ला. जाताना इंजिनियरला एवढंच म्हणाल्या, "टाकी उताराच्या त्या अंगाला बसते का बघा. मला वाटतं बसेल."

बसली. पण ते पुढे, कागदोपत्री व्हायला बराच काळ गेला. पावसाळ्याआधी बुरुजाचा कठडा दुरुस्त करायचंही ठरलं आहे, आणि सेक्रेटरी व पाटील बुरुजापाशी लावायच्या फलकावर काय लिहायचं यावरून परत भांडायला लागले आहेत.

त्या दिवशी मात्र मी टेकडीवरून थेट काकांकडे गेले. ते खिडकीपाशी पाय उंच करून बसले होते. घरात एक खाट, बुद्धाची तसबीर, काकूंचा फोटो. मुलगी लग्न होऊन नांदेडला. मी म्हटलं, "काका, बहुतेक वाचला."

त्यांनी मान हलवली. मग विचारलं, "शुभांगीताई चढल्या? गुडघा?"

"चढल्या. बंड्याने हात दिला."

"ठाण्याहून दिनेश आला होता? त्याची आई दवाखान्यात आहे ना?"

बुरुजाबद्दल त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. मला राहवलं नाही. "काका, तुम्ही हे नेमकं कशासाठी सुरू केलंत?"

"मनीषा, मी आयुष्यभर लोकांच्या दारात गेलो," ते म्हणाले. "मला बघितलं की बायका पदर तोंडाला लावायच्या. कोणाचं घर जाणार असायचं, कोणाचा संसार मोडणार असायचा. काही जण आतून कडी लावून बसायचे. मी कागद दाराला डकवून यायचो. माझा दोष नव्हता, पण पाणी कोणी विचारलं नाही. मीही मागितलं नाही. रिटायर झालो तेव्हा वाटलं, माणसं शोधायची एवढं एकच काम आपल्याला येतं. तर एकदा अशा कामासाठी दारात जावं, की जाताना माणूस हसला पाहिजे."

मी काही बोलणार तोच जिन्यात गलका झाला. दार उघडंच होतं. पुढे बंड्या, त्याच्या खांद्यावर हात ठेवून परबबाई, मागे संजय आणि टेकडीवरचे बाकीचे सगळे, मातीच्या हातांनी. खोलीत मावेनात तेव्हा काही जण जिन्यातच बसले.

"आरोपी हजर आहेत," बंड्या म्हणाला.

काकांनी उठायचा प्रयत्न केला, प्लॅस्टरमुळे जमलं नाही. ते खुर्चीतच सावरून बसले, शर्टाची कॉलर नीट केली आणि मला हळूच म्हणाले, "अगं, चहा टाकशील?"

मी स्वयंपाकघरात गेले. मांडणीवर कप दोनच होते. मी आमच्याकडचे सगळे घेऊन आले. ते अजून त्यांच्याकडेच आहेत. मी मागितले नाहीत, कारण आता दर रविवारी लागतात.