दहातले सात परत

आमच्या कातळबंदरात माणसाने वायरलेस संच निवडायची पद्धत नाही, संच माणूस निवडतो. गिऱ्हाईक दुकानातल्या बाकावर बसतं, संच फळीवरून त्याला न्याहाळतात, आणि ज्याला आवाज पसंत पडेल तो त्या घरी राहायला जातो. होडीवरचा संच फक्त आपल्या घरचा आवाज घेतो. परक्या घरचं कोणी कितीही ओरडलं तरी तो नुसता खरखरत बसतो.

आमच्या घरचा आवाज सासूबाईंचा होता. एकतीस वर्षं. मंगळवारी त्यांनी कवळी बसवून घेतली आणि बुधवारी सकाळी घरच्या संचाने राजीनामा दिला. हा आवाज आपल्या ओळखीचा नाही, एवढंच कारण त्याने सांगितलं. सासूबाईंनी कवळी काढून दाखवली, घालून दाखवली, पण तो बधला नाही. माझा नवरा दामोदर तेव्हा तीन दिवसांपासून समुद्रात होता.

गुरुवारी सकाळी साडेनऊला बंदरावर तीन नंबरचा बावटा चढला. संध्याकाळी पाचला तुफान लागणार होतं. दामोदर साडेचार तासांच्या अंतरावर. म्हणजे साडेबाराच्या आत त्याने होडी वळवायला हवी होती, आणि वळवली नाही तर... हे वाक्य मी त्या दिवशी एकदाही पुरं केलं नाही.

दहाला मी इब्राहिमचाचांच्या दुकानात पोचले. वरच्या फळीवर एक नवाकोरा संच होता, चाळीस वाहिन्या, निळा दिवा, बटणंच बटणं. मला तोच हवा होता.

"आपलं नाव?" त्याने विचारलं.

"शेवंती दामोदर पावसे."

"आपला आवाज मला शोभणार नाही," तो म्हणाला आणि दिवा मालवून बसला. माझ्या तोंडावर दार आपटावं तसं झालं. वर मान करून बसायला ह्याने असा कोणता समुद्र पाहिलाय, असं ओठांवर आलं होतं. गिळलं.

"चाचा, तुमी सांगा ना त्याला."

"मी फक्त धूळ पुसतो गो," चाचा म्हणाले. "माझं कोन ऐकतंय हितं? चाय घे."

चहा मी तसाच बाकावर ठेवला. एकेक संच नकार देत गेला. एकाला मी फार भरभर बोलते असं वाटलं, एकाने कारणच दिलं नाही. अकरा वाजता खालच्या फळीवरून कोणीतरी खाकरलं. ट्रकवरून उतरवलेला जुना संच होता, काच तडकलेली, माइकची वायर चिकटपट्टीने गुंडाळलेली.

"दहा शब्द बोला," तो म्हणाला.

"दामोदर, वादळ येतंय, बावटा लागलाय, जाळं सोड आणि आत्ताच्या आत्ता परत फिर," मी एका दमात म्हणाले.

"हे बारा झाले. असो." त्याच्या तडकलेल्या काचेतला काटा उजवीकडे जाऊन थरथरत राहिला. "दहातले सात शब्द परत येताहेत."

"परत म्हणजे?"

"आपण बोलता ते पलीकडे जात नाही, आपल्याकडेच परत येतं. आवाज मूळचा चांगला आहे. सुधारणा करावी लागेल. तीनपेक्षा जास्त परत येत असतील तर मी कामाला लागत नाही. नियम आहे."

सुधारणा सुरू झाली. आधी उंची. चाचांनी शिडी लावली आणि मी दुकानाच्या पत्र्यावर जाऊन उभी राहिले, खाली अख्खा बाजार बघत असताना. मग जमीन. संच म्हणाला, पाय कोरडे असतील तर आवाजाला आधार मिळत नाही. चाचांनी गोणपाट भिजवून वर फेकलं, मी त्यावर अनवाणी उभी राहिले. वायर खिडकीतून वर आली, माइक माझ्या हातात. "हनुवटीपासून चार बोटं लांब धरा," खालून सूचना आली. मी पुन्हा बोलले.

"पाच परत."

मी समुद्राकडे बघितलं. पाणी तेलासारखं गप्प होतं, वादळाआधी असतं तसं. बारा वाजून गेले होते.

"आता खरखर काढू," संच म्हणाला. "मनात काय काय चाललंय ते सांगा. बारीकसारीक तेवढं मी दाबून टाकतो."

मी सांगितलं. होडीचं इंजिन खोकतंय. सासूबाई उपाशी आहेत. दामोदरने स्वेटर घरीच ठेवलाय. हा संच मुद्दाम वेळ काढतोय.

"शेवटचंही दाबलं," तो म्हणाला. "बोला."

मी बोलले. चार परत. पुन्हा बोलले. चारच. बारा वाजून दहा मिनिटं.

"बाई," संच म्हणाला, "या वाक्याच्या पुढे दुसरं वाक्य अडकलंय. वाहिनीवर एका वेळी एकच चालतं. जे आधीचं आहे ते आधी सोडा."

"माझ्याकडे दुसरं वाक्य नाही."

"आहे. काटा खोटं बोलत नाही."

आमच्याकडे होडी निघाली की ती कासवखडकापलीकडे जाईपर्यंत घरच्या बाईने धक्क्यावरून पाठ फिरवायची नसते. दामोदर निघाला त्या दिवशी आमचं सकाळीच वाजलं होतं. कशावरून, तर पडवीचे पत्रे आधी घालायचे की जाळं आधी शिवायचं. होडी खडकाच्या अलीकडे होती तेव्हाच मी पाठ फिरवली आणि ताडताड घरी आले. हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं.

खाली कोळणी पाट्या टेकवून उभ्या होत्या. चाचा वर बघत होते. बारा वाजून अठरा मिनिटं.

"दामोदर," मी म्हणाले, "मी त्या दिवशी पाठ फिरवली. तू खडकाच्या अलीकडेच होतास. रागात नाय, तुला दुखावं म्हणून फिरवली. चुकलं माझं."

खाली संचात खरखर झाली.

"दिसली गो मला तुजी पाठ," दामोदरचा आवाज आला. "चार दिस झाले, तीच दिसतेय. बोल."

मी बोलले. वादळ, बावटा, जाळं, परत. त्याने एकदाही मधे तोडलं नाही. "फिरवली होडी," तो म्हणाला. "येतो."

"शून्य परत," संच म्हणाला. "सुधारणा पूर्ण. मी आपल्या घरी येतो आहे."

मी चाचांना हाक मारली, मला उतरवून घ्या म्हणून. माझीच हाक मला ऐकू आली नाही. पुन्हा मारली. चाचा शिडीजवळ उभे होते आणि वैतागून म्हणत होते, "अगो, आयकलं मी, ओरडतंस कशाला?" तेव्हा माझ्या लक्षात आलं. बोललेलं परत येणं बंद झालं होतं, सगळंच. संचाला विचारलं तर तो म्हणाला, दहाच्या दहा पलीकडे जाताहेत, यापेक्षा चांगला निकाल त्याने पाहिलेला नाही.

पाचला दहा कमी असताना होडी लागली. दामोदर तसाच निथळत दुकानात आला, कारण मी तिथेच बाकावर बसून होते, संच मांडीवर घेऊन. बाहेर वाऱ्याने पहिला पत्रा उडवला. मला त्याला खूप बोलायचं होतं आणि मी बोलले. तोंडातून गेलेला शब्द माझ्या कानालाही लागत नव्हता आणि आठवणीतही उरत नव्हता, किती वेळ बोलले कोण जाणे. दामोदर खाली बसला, माझ्या गुडघ्यावर डोकं टेकलं आणि लहान पोरासारखा रडला. चाचा भिंतीकडे तोंड करून एक स्वच्छ संच पुसत राहिले.

मी काय बोलले, ते नंतर संचाला विचारलं. "ते ऐकणाऱ्याचं असतं," तो म्हणाला. "आमच्याकडे नोंद राहत नाही."

दामोदरनेही अजून सांगितलेलं नाही. मी त्याला विचारलंय, बहुतेक. विचारते तेव्हा तो हसतो आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवतो, म्हणजे विचारतच असेन.